गिझर बसवताना घरात तुम्ही असा



दिवाळी तोंडावर आली, की घरोघरी पहिल्या अंघोळीची बोलणी सुरू होतात. पहाटे तेल-उटणं लावून पाच-सहा माणसं ओळीनं बसलेली, आणि गरम पाणी मात्र एका वेळी एकाच बादलीचं! मग ‘या बोनसमध्ये गिझर घ्यायचाच’ असं ठरतं. दुकानात सगळं घर जातं. ‘हे’ किंमत बघतात, मुलं रंग बघतात, सासूबाई “पाणी चांगलं कडकडीत होतं ना रे?” म्हणून दुकानदाराला दोनदा विचारून घेतात. गिझर घरी येतो. आणि तो बसवायला माणूस येतो मंगळवारी सकाळी अकरा वाजता! त्या वेळी घरात कोण असतं? तुम्ही.

गिझर चांगला की वाईट, हे निम्मं दुकानात ठरतं आणि निम्मं या मंगळवारच्या दोन तासांत. उत्तम गिझर वाईट बसवला, तर तो धोक्याचाही होतो आणि खर्चिकही. म्हणून त्या दोन तासांत काय पाहायचं, काय विचारायचं, एवढंच आज सांगणार आहे. मी काही इंजिनिअर नव्हे, बी. ए. झालेली, अर्धा दिवस शाळेत शिकवणारी तुमच्यासारखीच संसारी बाई. पण कुकरच्या शिटीखालून वाफ का येते हे समजायला आपल्याला पदवी लागली नाही. गिझरचंही तसंच आहे.

बंब आणि गिझर

आपल्या आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला, चिंच लावून लखलखीत घासलेला. त्यात पाणी कितीही उकळलं तरी बंब फुटल्याचं कुणी ऐकलं नाही, कारण तो वरून उघडा. वाफेला वाट मोकळी. गिझर मात्र चहूबाजूंनी बंद असतो. गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचा दाब त्यावर सतत असतो, शिवाय आत पाणी तापून फुगतं. म्हणजे तो बंबापेक्षा कुकरच्या जवळचा. कुकरला जशी शिटी आणि तिच्या जोडीला सेफ्टी व्हॉल्व्ह, तशी गिझरलाही रक्षणाची साधनं असतात. ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट. तो बिघडला तर वीज बंद करणारा कटआउट. आणि दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. पहिले दोन कारखान्यातूनच आत बसवून येतात. तिसरा बसवणाऱ्याच्या हातात असतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

दुकानात असतानाच

आधी आकार. पंधरा लिटरचं पाणी साठ अंशांवर गेलं आणि त्यात नळाचं पंचवीस अंशांचं गार पाणी मिसळलं, तर अंघोळीजोगं सुमारे पस्तीस लिटर होतं. म्हणजे आपल्या नेहमीच्या दोन बादल्या. पंचवीस लिटरच्या गिझरमधून तशा तीन बादल्या निघतात. दोन किलोवॅटच्या गिझरला पंधरा लिटर तापवायला अठरा-वीस मिनिटं लागतात, पंचवीस लिटरला अर्धा तास. बादलीनं अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला पंधरा लिटरचा पुरतो. दोघांनंतर वीस मिनिटं थांबलं की झालं. शॉवरची हौस असेल किंवा सगळ्यांना साडेसहाला एकदमच निघायचं असेल, तरच पंचवीसचा घ्या. उगाच मोठा घेतला तर जास्तीचं पाणी रोज तापणार आणि रोज निवणार.

गिझरवर आय.एस.आय.ची खूण हवीच. साठवणीच्या गिझरसाठी भारतीय मानक क्रमांक २०८२ आहे, तो पट्टीवर वाचून घ्या. तारांची चिठ्ठीही बघा. जितके तारे जास्त, तितकी तापलेल्या पाण्याची ऊब टाकीतून कमी निसटते. पट्टीवर ‘बार’मध्ये दाबाचा आकडा असतो. दहा मीटर उंचीवरची टाकी साधारण एक बार दाब देते, म्हणजे तीन-चार मजल्यांच्या इमारतीत फारसं घाबरायला नको. पण इमारत उंच असेल किंवा गच्चीवर दाब वाढवायचा पंप लावला असेल, तर दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा आणि जास्त दाब सोसणारा गिझर मागा.

भिंत आणि जागा

पंचवीस लिटरचा गिझर भरला, की पाण्याचेच पंचवीस किलो, वर त्याचं स्वतःचं वजन. जवळजवळ तांदळाचं एक मोठं पोतं भिंतीला टांगल्यासारखं! तेव्हा भिंत भक्कम विटांची हवी. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत किंवा न्हाणीघर आणि संडास यांच्यामधल्या चार इंची पडद्यात भोकं पाडण्याआधी कारागिराला विचारा, “दादा, ही भिंत भरलेला गिझर पेलेल का?” लाकडी खुंट्या ठोकून साधे स्क्रू पिळणं नको, गिझरबरोबर येणारे पोलादी फास्टनरच वापरायला सांगा.

आपण जिथे पाटावर बसून अंघोळ करतो, त्याच्या बरोबर डोक्यावर गिझर टांगू नका. त्याच्या खालच्या बाजूला आणि कडेला हात जाईल एवढी मोकळी जागा हवी, कारण पुढे कॉइल बदलायची झाली तर ती तिथूनच निघते. माळ्यावर, बंद कप्प्यात कोंबलेला गिझर दिसायला छान, पण दुरुस्तीला आलेला माणूस आधी तुमची फरशी फोडायची भाषा करतो.

आणि गिझर नळाच्या जवळ असावा. अर्धा इंची पाइपमध्ये दर मीटरला पाव लिटरच्या आत पाणी मावतं. गिझर एका टोकाला आणि नळ आठ मीटरवर असेल, तर दर वेळी दीड लिटर पाणी आधी गार येणार आणि नळ बंद केल्यावर तितकंच तापलेलं पाणी पाइपात निवून जाणार. दिवसातून सहा-सात वेळा नळ उघडला तर अर्ध्या बादलीहून जास्त तापलेलं पाणी असंच वाया गेलं की! गरम पाण्याचा पाइप लांब न्यावाच लागला, तर त्यावर फोमचं वेष्टण चढवून घ्या. पाइप सी.पी.व्ही.सी.चा किंवा लोखंडी जी.आय.चा हवा. गार पाण्याचा साधा पी.व्ही.सी. पाइप गरम पाण्यानं मऊ पडून वाकतो आणि सांधे सोडतो. दिसायला दोन्ही प्लॅस्टिकच, म्हणून त्यावरची अक्षरं वाचा.

ठिबकणारा व्हॉल्व्ह

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गार पाणी आत जातं त्या तोंडावर, तिथे निळी खूण असते, एक पितळी तुकडा लावायचा असतो. हाच सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यावर बाण कोरलेला असतो. बाणाचं टोक गिझरकडे हवं. हा व्हॉल्व्ह दोन कामं करतो. टाकी रिकामी झाली तर गिझरमधलं पाणी उलटं जाऊ देत नाही, आणि आत दाब वाढला तर थोडं पाणी बाहेर सोडतो. ज्या गावी दिवसाआड नळाला पाणी येतं, तिथे पहिलं कामही फार मोलाचं, कारण रिकाम्या गिझरमध्ये कॉइल काही मिनिटांत जळते.

पाणी पंचवीस अंशांवरून साठवर गेलं की शंभराला दीड भाग, जवळजवळ एवढं फुगतं. पंधरा लिटरला हा हिशेब होतो एक पेलाभर पाण्याचा. हे पेलाभर पाणी उलटं जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येतं. गिझर तापताना व्हॉल्व्ह ठिबकला, तर तो बिघडला असं नाही. तो आपलं काम करतो आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना हे कुणी सांगितलं नव्हतं. फरशीवर रोज ओल, म्हणून त्यांनी गल्लीतल्या प्लंबरला बोलावलं. त्यानं “ताई, गळतंय ते बंदच करून टाकतो” म्हणत व्हॉल्व्हच्या तोंडात बूच मारलं, पैसे घेतले नि गेला. फरशी कोरडी झाली, वहिनी खूश! दोन महिन्यांनी सर्व्हिसला आलेल्या माणसानं ते बूच पाहिलं नि आधी स्विच बंद केला, मगच बोलला. अशा वेळी थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही दगा देतील, तर आतल्या दाबाला वाट कुठे? कुकरच्या शिटीवर वरवंटा ठेवून आपण स्वयंपाक करू का?

म्हणून नियम दोन. व्हॉल्व्हचं तोंड कधीही बुजवायचं नाही, आणि व्हॉल्व्ह व गिझर यांच्यामध्ये बंद करता येईल असा कॉक बसवायचा नाही. कॉक हवा असेल तर व्हॉल्व्हच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. ओल नको असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी जोडून ती उतरती मोरीच्या जाळीपर्यंत आणावी आणि शेवट उघडा ठेवावा. तोंड माणसाच्या अंगाकडे येऊ देऊ नका, त्यातून कधी कढत पाणीही येऊ शकतं. तापत नसतानाही दिवसभर धार लागली असेल, तर मात्र व्हॉल्व्ह खराब किंवा पाण्याचा दाब जास्त. तेव्हा व्हॉल्व्ह बदलून घ्या, बूच नको.

ओले पाय आणि वीज

गिझरच्या पाण्याखाली आपण उभ्या असतो अनवाणी, ओल्या अंगानं, ओल्या फरशीवर. म्हणून इथे विजेचं काम ‘चालतंय ना, मग झालं’ म्हणून सोडायचं नाही.

दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा तीन पिनांचा सॉकेट हवा, मीटरच्या पेटीतून स्वतंत्र आलेली तांब्याची वायर हवी. वायरमन तिला ‘अडीचची वायर’ म्हणतात. वॉशिंग मशीनच्या बोर्डातून ओढून घेतलेली बारीक वायर तापते, आणि भिंतीच्या आत तापते म्हणून दिसत नाही. एक्स्टेन्शनच्या बोर्डावर गिझर कदापि नको. स्विच न्हाणीघराच्या बाहेर, आणि सॉकेट आत घ्यावाच लागला तर गिझरशेजारी उंचावर, जिथे पाण्याचा शिंतोडा पोचणार नाही.

मग अर्थिंग. प्लगची तिसरी पिन जाड आणि लांब असते, ती आधी आत शिरते आणि शेवटी बाहेर येते, एवढं तिचं महत्त्व. कॉइल फुटून वीज पाण्यात किंवा पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत नेणारी वाट ही. पुष्कळ जुन्या घरांत सॉकेटला भोकं तीन असतात, पण तिसऱ्यामागे वायरच नसते, नाहीतर कुणीतरी तिथे न्यूट्रल जोडून ठेवलेली असते. पूर्वी काही घरांत अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. पुढे पाइप बदलून प्लॅस्टिकचे आले, आणि घरच्यांच्या नकळत अर्थिंग गेलं! तुमच्या इमारतीचे पाइप बदलले असतील, तर ही शंका नक्की काढा.

वायरमननं नुसता टेस्टर लावून “आहे, आहे” म्हटलं तर मानू नका. टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग चांगलं आहे की नाही हे सांगत नाही. त्याला सॉकेट उघडून तिसरी वायर कुठे जाते ते दाखवायला सांगा, आणि फेज व अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब लख्ख पेटायला हवा; मिणमिणला तर अर्थिंग कमजोर. हा प्रयोग वायरमननंच करायचा, आपण नाही.

आणखी एक खर्च, पण सोन्याहून मोलाचा. पेटीत आर.सी.सी.बी. नावाचं बटण बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचं. “आमच्याकडे एम.सी.बी. आहे की” असं पुष्कळ जणी म्हणतात. पण १६ अँपिअरचा एम.सी.बी. वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा हिस्सा वीजही पुरते, आणि तेवढ्यानं एम.सी.बी. हलतसुद्धा नाही. आर.सी.सी.बी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ताडून बघत असते. ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेनं निघाली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. ती बसवलेली असताना बल्बचा प्रयोग केला तर ती खटकन खाली पडेल, घाबरू नका. ते तिचं कामच आहे. तिच्यावर ‘टेस्ट’चं छोटं बटण असतं. महिन्याला एकदा, संकष्टीला म्हणा, ते दाबून बघा. ती पडली पाहिजे. पडली नाही तर वायरमनला बोलवा.

पहिल्यांदा सुरू करताना

आधी पाणी, मग वीज. गरम पाण्याचा नळ उघडा, आत हवा फुसफुसते तोवर थांबा, आणि अखंड धार लागली की नळ बंद करून मगच स्विच लावा. कोरडा गिझर एकदा जरी सुरू झाला, तरी कॉइल जाते. सांधे कुठे झिरपतात का, हे पाणी तापल्यावर पुन्हा एकदा कोरड्या फडक्यानं पुसून पाहा. माणूस जायच्या आधी हमीपत्रावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना, तेही बघा.

रोजचं वापरणं

तापमान साठ अंशांच्या आसपास ठेवावं. साठवणीचं पाणी फार कोमट ठेवलं तर त्यात रोगजंतू वाढू शकतात, आणि फार कढत ठेवलं तर वीज जाते नि हात पोळतात. साठ अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि मूल आत जायच्या आधी आपला हात. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना अंघोळ घालणाऱ्या आजोबांना, पाठ असू द्या.

अंघोळीच्या वीस मिनिटं आधी गिझर लावा, अंघोळीला आत जाताना स्विच बंद करा. बादलीभर पाणी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं, ते टळत नाही. पण गिझर दिवसभर सुरू राहिला, तर निवलेलं पाणी तो पुन्हा पुन्हा तापवत बसतो, ते मात्र टळतं.

मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरचं पाणी जड असतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि नळाखाली पांढरे डाग पडतात, ते पाणी कॉइलवरही क्षारांचा थर चढवतं. मग पाणी तापायला वेळ लागतो, आतून कढ आल्यासारखा आवाज येतो. अशा गावी वर्षाला एकदा गिझर उघडून साफ करून घ्यावा. त्याच वेळी ‘ॲनोड’ नावाची मॅग्नेशियमची कांडी तपासायला सांगा. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती संपली, की गंजायची पाळी टाकीची.

जाता जाता गॅसच्या गिझरबद्दल. तो न्हाणीघराच्या आत लावूच नका. दार-खिडकी लावलेल्या लहान खोलीत त्याची ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती गुंगी येते, आणि दाराला आतून कडी असते. गॅसचा गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत येईल तो फक्त गरम पाण्याचा पाइप.

कागदावर लिहून ठेवा

हे प्रश्न एका कागदावर उतरवा आणि माणूस आला की हातात धरून उभ्या राहा:

१. भिंत भरलेल्या गिझरचं वजन पेलेल का?
२. गरम पाण्याचा पाइप कोणता, आणि किती लांब?
३. सेफ्टी व्हॉल्व्हचा बाण गिझरकडे आहे का? त्याचं तोंड मोकळं आहे का?
४. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कॉक नाही ना?
५. सॉकेट १६ अँपिअरचा, वायर अडीचची आणि स्वतंत्र आहे ना?
६. अर्थिंग बल्ब लावून पाहिलं का?
७. आर.सी.सी.बी. आहे का? टेस्टचं बटण दाबल्यावर पडली का?
८. आधी पाणी भरलं ना?

“वहिनी, तुम्ही कशाला काळजी करता, साहेबांशी बोलतो मी,” असं तो म्हणेलच. म्हणू द्या. शांतपणे सांगा, “साहेब संध्याकाळी येतील. अंघोळ आम्हा सगळ्यांना करायची आहे. तुम्ही एकेक दाखवा, मी खूण करते.” चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट, आपलं काम कुणीतरी डोळ्यांनी बघतंय म्हणून तो जरा जास्तच नीट करतो. काम झालं की त्याला चहा द्या, आणि तो कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून टाका. पुढच्या वर्षी साफसफाईला दुसरा कुणी आला, तर त्यालाही उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात फराळाच्या तळणीतून उरलेल्या तेलाचं काय करावं, ते पाहू.